अमेरिकेचं टर्नटेबल

मेहुण्याने अमेरिकेहून डीजेचं टर्नटेबल आणलं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं, तरी रेकॉर्डवरची इंग्रजी गाणारी बाई पुरुषी आवाजात रेंगाळायची. परवाच्या लग्नाची सुपारी घेतलेली, म्हणून हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीला बोलावलं.

"तिकडची लाईन सेकंदाले साठ झटके मारते, आपली पन्नास. मोटर धीमी फिरून राह्यली," तो म्हणाला. पुली जाड झाली की पट्ट्यावरची तबकडी जोरात फिरते, म्हणून त्याने मोटरच्या इवल्याशा पुलीवर चिकटपट्टी गुंडाळली. प्रत्येक वेढ्यानंतर तो डोळे मिटून ऐकायचा. चौथ्या वेढ्याला थांबला.

"हे गाणं आधी ऐकलंय तुम्ही?" मी विचारलं.

"नाई जी. पण पहिले ते बाई श्वास न घेता लय लंबं गाऊन राह्यली होती. एवढा दम माणसाले नाई राहत."

तेव्हापासून कुठल्याही गाण्यात मी आधी श्वास ऐकतो.