साडीसकट वजन

माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं मधुमेहानं खाल्ली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझं एक मूत्रपिंड ह्यांना चालणार होतं, आडवं येत होतं ते माझं वजन. "आधी बहात्तरच्या खाली या," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी होते शहाऐंशी.

चालून बघितलं. भात सोडून बघितला, तो दीड दिवस. शेवटी बाईंनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. जेवल्यावर आतडं मेंदूला 'पुरे' असा जो निरोप धाडतं, त्याची नक्कल करणारं औषध. माझं आतडं जन्मात कधी पुरे म्हणालं नव्हतं, त्यामुळे माझा काही विश्वास बसेना.

रविवारी पोदेर पाव देऊन गेला की मी पोटात सुई टोचून घ्यायची. आधी नुसतं मळमळलं. तिसऱ्या रविवारी बशीत अर्धा उंडा पाव उरला, आणि तोही माझ्या बशीत. हे घाबरले. "तुका बरां नाय काय?" मला आनंदानं हसू आवरेना.

घरातला काटा जागा बदलली की आकडा बदलायचा. म्हणून मी लाटंबार्शे गावात काजू घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जायचे. काजू जोखताना तो पोत्याचं वजन वजा करतो. मग माझी साडीही वजा कर, म्हणून मी भांडायचे.

"वयनी, दुसरी साडी हाडा, ती जोखून वजा करतंय," तो म्हणायचा.

गणेशचवथीनंतर इंजेक्शन सुरू केलेलं, बघता बघता काजूचा हंगाम आला. हे दर खेपेला गाडीतच बसून राहायचे. मूत्रपिंडाचा विषय काढला की म्हणायचे, "बघूया." पण आदल्या खेपेला एकच किलो उतरायचा उरला होता, म्हणून त्या दिवशी उतरून आत आले. पोत्यांमधून वाट काढत मी काट्यावर चढले. आकडा हलला, थांबला. एकाहत्तर आठशे.

"साडी वजा करूची?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"नको. साडीसकट लिही."

मला तिथंच फुगडी घालावीशी वाटत होती. हे मात्र आकड्याकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तुका खूप दुखतला काय गे?"

इतक्या महिन्यांत 'बघूया'च्या पुढं गेलेलं ते पहिलं वाक्य. काट्यावरून न उतरताच मी इस्पितळात फोन लावला.