बाबांच्या ऑफचा दिवस

जे सांगणार आहे ते माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही. शेजारच्या वहिनींना माहीत नाही. देवापुढं बसते तेव्हाही मी ते शब्दांत आणत नाही — त्याला काय ते आपसूक कळत असेल, असं म्हणून सुटून जाते. तुम्ही माझे कोणी नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल.

सुरुवात फोनपासून करते. माझी मुलगी प्रणाली पुण्याला असते. जावई हॉटेलात मॅनेजर आहेत, त्यांना सुट्टी मिळते ती भलत्याच वारी — कधी मंगळवार, कधी बुधवार. त्या दिवशी ही आपल्या लेकाला, ओजसला, शाळेत पाठवतच नाही. तिघं कुठंतरी फिरायला जातात. नाही गेले तरी घरात लोळतात. मागं त्याच्या वर्गातल्या पोरांच्या आयांच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. कोणी म्हणे शाळा बुडवून कसलं आलंय फॅमिली टाइम, पोरांना वळण लागत नाही. कोणी म्हणे लहानपण काय परत येतं का. प्रणालीनं मला फोन करून विचारलं, ‘आई, तुझं काय मत?’

मी काय म्हणणार? म्हटलं, ‘तू करते ते बरोबरच आहे.’

‘मला माहीत होतं तू असंच म्हणशील,’ ती म्हणाली. ‘ओजसचं माझ्यासारखं नाही होऊ द्यायचं मला. बाप घरात असून नसल्यासारखा.’

फोन ठेवून मी कणीक मळायला घेतली. मळून झाली तरी मळतच होते.

बाप घरात असून नसल्यासारखा — हे वाक्य तिचं नाही. ते मी घडवलं. थोडं थोडं करून, कित्येक वर्षं.

प्रणालीचे बाबा नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये होते. शिफ्टवाल्यांच्या घरात रविवार रविवारी येत नाही. ऑफ सरकत जातो — या वेळी मंगळवार, मग बुधवार, असा आठवडाभर फिरतो. आमच्या कॉलनीत त्यावर एक तोडगा होता, सगळ्याच घरांत. बापाचा ऑफ शाळेच्या दिवशी आला, की पोरांना ताप यायचा. शाळेत चिठ्ठी जायची, आणि तापानं फणफणलेली पोरं बापाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून तलावाकडं निघालेली दिसायची. मास्तरणींनाही माहीत होतं. त्यांचेही नवरे शिफ्टमध्येच होते ना.

आमच्या घरी मात्र ताप येत नसे. प्रणालीचे बाबा आदल्या दिवशी विचारायचे, ‘उद्या माहा ऑफ आहे. पोरीले ठेवते का वं घरी?’

मी म्हणायची, ‘उद्या टेस्ट आहे तिची.’

‘असं का? मंग राहू दे. शाळा पयले.’

टेस्ट नसायची. पहिल्यांदा होती — खरंच होती, शपथेवर सांगते. दुसऱ्यांदा नव्हती. तिसऱ्यांदाही नव्हती. ते स्वतः कसेबसे आयटीआय झालेले. इंग्रजी शाळेच्या परीक्षांचं त्यांना काय कळणार? बायको म्हणते टेस्ट, म्हणजे टेस्ट.

आता तुम्ही म्हणाल, शाळेची ओढ असेल बाईला. तेच मीही स्वतःला सांगत आले. आणि ते खोटं नाही. मी भिवापूरकडची. मिरची तोडाईला आली की आमच्याकडं पोरींची शाळा संपायची — चार दिवस म्हणून घरी ठेवायचे, आणि त्या चार दिवसांना शेवटच नसायचा. मी सातवीतून अशीच घरी बसले. बोटं पोळायची, डोळ्यांना हात लावायची चोरी. तेव्हा ठरवलं होतं, आपली पोर एक दिवस शाळेतून काढणार नाही. किती छान कारण आहे, नाही? ऐकणाऱ्याला वाटेल, बाईनं लेकीसाठी केलं.

पण मग त्यांना तसं सरळ का नाही सांगितलं? ‘मला ते पटत नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं का? नक्की ऐकलं असतं. दुपारी तिला शाळेतून आणायला गेले असते, संध्याकाळी तिच्याशी खेळले असते. तेही मी होऊ दिलं नाही. म्हणजे गोष्ट शाळेची नव्हती.

गोष्ट अशी होती, की मला माझ्या पोरीचा हेवा वाटायचा.

लग्नानंतर आम्ही सासू-दीरांसोबत वाडी गावात दोन खोल्यांत होतो. नवरा-बायकोनं एकमेकांशी धड दोन वाक्यं बोलावीत अशी तिथं सोय नव्हती. मग कोराडीचं क्वार्टर मिळालं, आणि मला वाटलं, आता मिळतील हे. तोवर प्रणाली झाली होती. ऑफच्या दिवशी ती घरी असली की त्यांना दुसरं कोणी दिसायचं नाही. तिला पाठीवर घेऊन घरभर फिरायचे, तिच्यासोबत जेवायचे, तिची वेणी घालायचे — वाकडीतिकडी. मी आतून पोळ्या वाढत राहायची. हाक यायची तीही ‘एक आण वं अजून’ एवढीच.

आणि ज्या दिवशी खरी टेस्ट होती, त्या दिवशी पोर बसमध्ये बसली आणि ते माझ्याकडं वळून म्हणाले, ‘मंग? आपण काय करायचं?’ आपण! आम्ही सीताबर्डीला गेलो. काही घेतलं नाही, नुसते फिरलो, तर्री पोहे खाल्ले. परतताना बसमध्ये त्यांनी मला विचारलं, तुला लहानपणी काय आवडायचं वं? तोवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं.

मला त्या दिवसाची चटक लागली. याहून वेगळा शब्द माझ्याकडं नाही.

इथवरही कदाचित तुम्ही समजून घ्याल. तरुण होती, एकटी होती, म्हणाल. पण मी तिथं थांबले नाही. प्रणाली शाळेतून आल्यावर विचारायची, ‘बाबांनी काय केलं आज?’ आणि मी सांगायची, ‘झोपले होते.’

हे तिला लगेच पटायचं, कारण अर्ध्याहून जास्त दिवस ते खरंच झोपलेले असायचे. रात्रपाळी करून आलेला माणूस दुसरं काय करणार? मी त्या खऱ्या झोपेत खोटी झोप मिसळून दिली. तिला शिकवलं — बूट दाराबाहेर काढायचे, खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. ते आत नुसते पडलेले असले तरी म्हणायची, हळू बोल, बाबा झोपलेत. पोर इतकी शहाणी, की पुढं पुढं न सांगताच दबकत घरात यायची.

मग तो तान्हा पोळा, लेकरांचा लाकडी बैलांचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, तुम्हाला माहीत असेल — गावाची सगळी इडापिडा त्या बाहुलीच्या माथी मारून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. शहरातल्या बहुतेक शाळांना सुट्टी, हिच्या शाळेला नव्हती. त्यांचा ऑफ नेमका तेव्हाच आला. ते आठवडाभर मागं लागले होते, पोरीले मारबत दाखवतो, माह्या बापानं मले दाखवली होती. मी म्हटलं, टेस्ट आहे. त्या वेळी त्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, बरं.

आम्ही दोघंच इतवारीत गेलो. ही गर्दी. ते म्हणाले, ‘पोरगी असती तं खांद्यावर घेतली असती. खालून काय दिसते लेकराले?’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लोक ओरडत होते, ‘घेऊन जा गे मारबत!’ मीही ओरडले. चांगली घसा फोडून ओरडले. काय काय घेऊन जायला सांगत होते मी, कोण जाणे.

परतताना त्यांनी तिच्यासाठी लाकडाचा बैल घेतला. दुकानदाराला चार बैल खाली ठेवायला लावून, चाकं फिरवून पाहून, शिंगं रंगवलेला एक निवडला. प्रणाली शाळेतून आली तेव्हा ते बेगड आणायला चौकात गेले होते. तिनं बैल पाहिला, किंचाळली, आणि विचारलं, ‘कोणी आणला?’

मी म्हटलं, ‘मी.’

काहून म्हटलं मी तसं? आजवर त्याचं उत्तर मला सापडलं नाही. दिवस तर माझा झालाच होता. बैल तरी त्यांचा राहू द्यायचा.

ते आले तेव्हा ती बैल पोटाशी धरून नाचत होती. ‘बाबा, आईनं बैल आणला माझ्यासाठी!’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, आणि मग खाली बसून बैलाच्या शिंगांना बेगड लावायला लागले.

त्यानंतर ते विचारायचे कमी झाले. मग बंदच झाले. मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटतं कोणी पाहत नाही. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटत राहिलं.

वर्षाच्या शेवटी प्रणालीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. ती तो वापरेना. तिचे बाबा रिटायर होईपर्यंत त्याच डब्यात जेवण नेत राहिले. ड्युटीवरच्या लोकांना दाखवायचे म्हणे — माही पोरगी एक दिवस शाळा चुकवत नाही.

ते रिटायर झाले तेव्हा ती पुण्याला नोकरीत होती. आता यांना रोजच ऑफ, आणि तिला सुट्टी नाही. दिवाळीला यायची. बापलेक समोरासमोर बसायचे, पाहुण्यांसारखे. जेवली का? जेवली. काम कसं आहे? ठीक आहे. संपलं. दोघंही मग माझ्याकडं बघायचे, मी काही बोलावं म्हणून.

एकदा, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, अंगणात उन्हाला बसले होते. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, ‘एक विचारू का वं? पोरीची टेस्ट माह्या ऑफलेच काहून राहे?’

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, आणि त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. मी म्हटलं, ‘शाळावाल्यांले विचारा ना. मले काय विचारता?’

ते हसले. म्हणाले, ‘तेही बरोबरच आहे.’ आणि माझ्या टोपलीतल्या चार शेंगा घेऊन सोलायला लागले.

तेरवीच्या दिवशी प्रणाली रडली नाही. माझ्या जावेला सांगत होती, मी ऐकलं — ‘काकू, मला रडूच येत नाही. मी बाबांना ओळखतच नव्हती.’ मी पाहुण्यांना वाढत होते. वाढतच राहिले.

यंदा ती ओजसला चार दिवस शाळेतून काढून घेऊन आली, तान्हा पोळा दाखवायला. माळ्यावरून तो बैल काढला. रंग उडालाय, चाकं मात्र ठणठणीत. ओजसनं विचारलं, ‘हा कोणाचा?’

‘माझा. आजीनं आणला होता.’

‘आणि आबा काय करायचे?’

‘आबा?’ ती हसली. पूर्वी हे सांगताना तिच्या आवाजाला धार असायची, आता तीही नाही. ‘आबा झोपायचे.’

ओजसनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘खरंच, आजी?’

प्रणाली समोर होती. ते गेलेले. मला जाब विचारणारं, अडवणारं कोणी नव्हतं. पोरगं सात वर्षांचं, मी जे सांगेन ते खरं मानणारं.

मी म्हटलं, ‘हो रे राजा. फार झोपायचे.’

तो बैल ओढत अंगणाकडं निघाला. फरशीवर चाकं खडखडली तसा थबकला, पुन्हा एकदा फोटोकडं पाहिलं, आणि बैल दोन्ही हातांनी उचलून, दबकत बाहेर गेला.