निर्मलाताईंचे मासे आणि माझा बगळा

बघा, बघा, भिंतीवरचा तो बगळा खुशाल बघा. पण तिथूनच हं! उठून जवळ जायचं नाही. चहा येऊ द्या, सगळं सांगते. असा पचका दुसऱ्या कोणाचा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याने तो निदान फ्रेम करून बैठकीत टांगला नसेल!

तर झालं असं. माझी नोकरी संपली, सकाळची डब्याची घाई संपली, आणि नेमका तेव्हाच भाच्याने नवा कॅमेरा घेतला नि जुना मला देऊन टाकला. जुना म्हणजे काय, नुसती लेन्सच हातभर! आमच्या ह्यांनी तो उचलून पाहिला आणि म्हणाले, "हे घेऊन भाजी आणाले जाऊ नको बरं शोभा. लोकं दुकान सोडून पळतीन."

मी भाजीला नाही, तळ्यावर गेले. आमच्या प्रताप नगरातून पायी जाता येतं. एका बाजूला घाटाच्या पायऱ्या, पलीकडे सगळं बेशरमाच्या झुडपांचं रान नि जलपर्णी. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, आणि त्या धुक्यात तो उभा होता. राखी बगळा.

बगळा म्हटल्यावर तुम्हाला म्हशीमागे फिरणारा पांढरा पक्षी आठवला असेल. छे हो! हा माझ्या कमरेएवढा उंच. राखाडी अंग, डोक्यामागे काळी शेंडी, पिवळाजर्द डोळा. आणि त्याचं ते उभं राहणं! मी रेशनच्या रांगेत उभी राहिले आहे, बँकेच्या रांगेत राहिले आहे, साहेबांची सही होईपर्यंत टेबलासमोर तर किती वेळा राहिले आहे. पण उभं राहणं कशाला म्हणतात ते मला ह्या पक्ष्याने शिकवलं. वाऱ्याने पाणी हलायचं, हा नाही हलायचा. गॅसवरच्या दुधाकडे मीसुद्धा कधी इतकं मन लावून पाहिलेलं नाही.

मग ती लांब मान हळूहळू मागे जायची. इतकी हळू, की आपल्याला वाटावं, आपलाच भास. आणि एकदम झप्प! चोचीत मासा! तो नुसता गिळायचा नाही हं. आधी हवेत फिरवून माशाचं डोकं आपल्या घशाकडे करायचं, मग गट्ट. तो फुगवटा मानेतून खाली उतरताना दिसायचा. आणि शेवटी दोन घोट पाणी! जेवणानंतर पाणी पिणारा असा सभ्य पक्षी मी दुसरा पाहिला नाही.

मी प्रेमात पडले, सरळ सांगते. ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "पड. पण चहा करून जात जा."

आता मला एकच गोष्ट हवी होती. तो झप्प! मासा चोचीत, थेंब हवेत, असा एकच फोटो. पण बगळा शिकार करायचा पलीकडे, बेशरमाच्या सावलीत. माझ्या फोटोत यायचा राखाडी डाग. भाच्याला पाठवला तर तो विचारतो, "मावशी, ही पिशवी कुणाची वाहून चालली?"

इथे आमच्या शेजारच्या निर्मलाताई येतात. त्यांचा एकुलता एक पंकज सरकारी नोकरीत, आणि पोस्टिंग कुठे, तर सिरोंच्याला! गडचिरोली जिल्ह्याचं पार शेवटचं टोक. बदलीचे अर्ज करून करून पोरगा थकला, इकडे आई झुरली. शेवटी त्यांच्या गुरुजींनी उपाय सांगितला. रोज सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. बदली होईपर्यंत खंड पडता कामा नये.

"तू तं तशीही रोज जाऊन राहिली," निर्मलाताई मला म्हणाल्या. "मलेही नेत जा वं संगं. एकटीले त्या पायऱ्यायची भीती वाटते."

मी म्हटलं, चला की!

पहिल्या दिवशी त्या शेवटच्या पायरीवर बसल्या, डबा उघडला आणि गोळ्या टाकू लागल्या. अहो, पाणी उकळल्यासारखं खदखदलं! मासेच मासे! आणि ताई त्यांच्याशी बोलत होत्या. "खा बाप्पा, पोटभर खा. अन् माह्या पोराले घरी आणा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात पलीकडे पाहिलं, तर बगळ्याने मान उंच केलेली. तोही बघत होता. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब कुठे उभे असतील? घाटाला लागून एक दगड अर्धा पाण्यात आहे, त्यावर! कोवळं ऊन थेट अंगावर, आमच्यापासून चार हातांवर. पंकजचे अर्ज पडून होते, आणि ह्याने अर्ज न करता स्वतःची बदली करून घेतली! काय ती हुशारी! मी मनातल्या मनात त्याला हात जोडले आणि कॅमेरा उचलला.

मान मागे जाऊ लागली. मी श्वास रोखला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा खाणार ते मासे कोणाचे? निर्मलाताईंचे!

ही बाई दूध नासलं तरी दिवसभर देवाची माफी मागते. ज्या माशांना आपण लेकरासाठी भरवतो, त्यांनाच आपल्यासमोर बगळा गिळतो, हे हिने पाहिलं तर? पुण्य करायला गेले नि पाप घडलं म्हणून अंथरूण धरेल. उपाय मोडला असंच समजेल. पंकजच्या बदलीची हिची सगळी आशा त्या डब्यात होती हो!

आणि नेमकी ताईंची मान दगडाकडे वळू लागली.

"ताई, विमान!" मी किंचाळले.

विमानतळ आमच्या जवळच, विमानांना तोटा नाही. ताईंनी वर पाहिलं. मागे झप्प! पाणी उडालं, मासा गेला, दोन घोट पाणीही पिऊन झालं. आणि फोटो? कसला फोटो! कॅमेरा माझ्या गळ्यात लोंबत होता आणि हात आभाळाकडे.

"कुठी आहे वं विमान?"

"गेलं."

"आवाज नाई आला."

"उंचावरून गेलं, ताई."

मग रोज तेच. तुम्ही म्हणाल, दुसरीकडे बसवायचं होतं त्यांना. अहो, पण त्या बसल्या नाहीत तर मासे येणार नाहीत, मासे आले नाहीत तर बगळा येणार नाही! फोटोचा लोभ काही सुटत नव्हता आणि ताईंचं मनही मोडवत नव्हतं. दोन्ही सांभाळायला गेले आणि काय झालं? बगळ्याचं तेवढं रोज पोट भरलं.

"ताई, खंड्या!" झप्प!

"ताई, तुमच्या पदराला काहीतरी!" झप्प!

"ताई, त्या पाहा, आपल्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई!"

"त्या तं मुलीकडं पुण्याले गेल्या ना वं?"

"मग त्यांच्यासारखं कुणीतरी असेल!" झप्प!

पुढे पुढे मला संशय यायला लागला, की बगळा माझ्या ओरडण्याचीच वाट बघतो. मान मागे घेऊन थांबायचा आणि मी "ताई!" म्हटलं रे म्हटलं की मारायचा. एकदाही नेम चुकला नाही. एवढ्या आरडाओरड्यात दुसरा पक्षी उडून गेला असता. हा पठ्ठ्या आपल्या कामात! राग यायच्या ऐवजी मला त्याचं कौतुकच वाटायचं.

एक दिवस मात्र माझी सगळी कारणं संपली. विमान नाही, पक्षी नाही, रस्त्यावर माणूस नाही. मी ओरडले, "ताई, त्या बेशरमात काहीतरी हललं! मोठं!"

हे वाक्य घाटावर फिरायला आलेल्या एका कानटोपीवाल्या काकांनी ऐकलं. काका थांबले.

"मोठं म्हंजे केवढं?"

आता मी काय सांगणार? हात पसरले झालं.

"पिवळं होतं का?"

"नीट नाही दिसलं."

"नाईच दिसत!" काका म्हणाले. "बिबट्या कुठी दिसून राहिला माणसाले!"

मी घरी पोचायच्या आत मोहल्ल्याच्या ग्रुपवर बिबट्या पोचला होता. दुपारपर्यंत त्याला दोन पिल्लं झाली. संध्याकाळी भाच्याचा फोन, "मावशी, फोटो काढला का?" बिबट्या नाही हे मला एकटीला माहीत, आणि सांगायची सोय नाही. कारण मग पुढचा प्रश्न येणार, तू ओरडलीस काहून?

आमचे हे म्हणाले, "तळं बंद."

निर्मलाताई रडकुंडीला आल्या. "भाऊजी, खंड पडला तं माह्या पंकजचं कसं होईन हो?"

शेवटी असं ठरलं, की ह्यांनी काठी घेऊन सोबत यायचं. रोज सकाळी आमची मिरवणूक निघायची. पुढे डबा, मध्ये कॅमेरा, मागे काठी. ताई गोळ्या टाकायच्या, हे काठी उगारून बेशरमाकडे डोळे लावून बसायचे आणि मी आभाळात विमानं दाखवायची. त्या सगळ्या घाटावर आपलं काम नीट करणारा एकच जण होता, आणि तो दगडावर उभा होता.

आणि एका संध्याकाळी निर्मलाताई दारातून ओरडतच आल्या, "शोभा! झाली वं! झाली! खाप्याले आला माहा पोरगा!"

सिरोंच्याहून थेट खापा! रोज घरून जाऊन येता येईल! आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "उद्या शेवटची वारी. माशायले शिरा नेतो मी."

मी रात्री अंथरुणात स्वतःला बजावलं. उपाय फळला, पोरगा घरी आला. आता ताईंनी पाहिलं तरी काय बिघडतं? उद्या शेवटचा दिवस. उद्या तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी नाही!

सकाळ अशी उजाडली होती म्हणून सांगू! धुकं नुकतंच उठत होतं, पाणी नुसतं सोनं. बगळा दगडावर, शेंडी वाऱ्यावर. मी गुडघ्यावर बसले, लेन्समध्ये त्याचा पिवळा डोळा स्पष्ट दिसत होता, पापणीसुद्धा. ताईंनी शिरा टाकला. पाणी खदखदलं. मान मागे गेली, अजून मागे. बोट बटणावर. ह्याहून सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, ताई इकडे वळताहेत.

"ताई, विमान!"

अहो, तोंडाने दगा दिला हो! सवय! मी उठून उभी, बगळ्याकडे पाठ, हात वर. मागे झप्प! एवढं मोठं पाणी उडालं की माझी पाठ भिजली.

मी तशीच पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. मासे, बगळा, विमानं, पदर, बिबट्या, सगळं. "ताई, मला माफ करा. तुमचे मासे तो रोज खात होता. तुम्हाला दिसू नये म्हणून मी ओरडायची."

निर्मलाताईंनी शिऱ्याचा डबा खाली ठेवला.

"मले दिसू नये म्हून? अवं, मले तं पहिल्या दिवशीच दिसलं! डोळे आहेत ना माह्याजवळ!"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"मले वाटलं, तुलेच पाहवत नाई! मान मागं गेली का तू पाठ फिरवून ओरडून राहिली. म्हटलं, किती हळवी आहे बाई, मासा मरताना पाहू शकत नाई, तरी माह्या पोरासाठी रोज येऊन राहिली. म्हून मी चूप होती. विमान म्हटलं तं वर पाह्यलं, डॉक्टरीण म्हटलं तं मागं पाह्यलं. तुह्या जिवाले तरास नको!"

"आणि उपाय? पाप वगैरे?"

"कायचं पाप वं? गुरुजी म्हणले, भुकेल्या जिवाले खाऊ घाल. गोळी माशानं खाल्ली, मासा बगळ्यानं खाल्ला. दोघायचंही भागलं. अन् काय उभा राहतो वं तो! मी तं पंकजले रोज त्याचा फोटो पाठवून राहिली. म्हटलं, असं उभं राहा बाबू, हलू नको, अर्ज देऊन नजर ठेव. त्याच्या ऑफिसात सगळे ओळखतात ह्या बगळ्याले!"

"फोटो?" मी ताडकन उठले. "कशाने काढला?"

ताईंनी पदराआडून मोबाइल काढला. काच तडकलेली, मागे रबर लावलेलं. "आताचाच पाह्य ना," म्हणाल्या. "आज शेवटचा दिवस, म्हून वर नाई पाह्यलं."

तोच हा फोटो. पंकज घरी आल्याच्या आनंदात ताईंनी फ्रेम करून दिला. मासा चोचीत, थेंब हवेत, एकेक पीस मोजून घ्या. मागे आमचे हे काठी उगारून झुडपाशी लढताहेत. आणि अगदी मधोमध, बगळ्याकडे पाठ करून, कानाला मफलर गुंडाळलेली, तोंड वासून रिकाम्या आभाळात बोट दाखवणारी एक बाई.

परवा माझी नणंद कन्हानहून आली होती. बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली, मान डोलावली, म्हणाली, "फोटो तं एक नंबर आहे वं वहिनी! पण एवढ्या चांगल्या फोटोत ही बाई कोण मधातच येऊन कडमडली?"

मी विचारलं, "चहात साखर किती घालू?"