दसऱ्याला मी घर काळोखात ठेवलं

आधीच सांगते, मला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता येतं, पण माझा आवाज कसा निघतो ते मला ठाऊक नाही. लोकांचे चेहरे बघून एवढंच कळतं की फारसा गोड नसावा. ओठ मात्र झकास वाचते, मराठी आणि कानडी दोन्ही. कुणी तोंडात पान कोंबून बोलायला लागलं, की मी सरळ पाठ फिरवते.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. आम्ही म्हैसूरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे सासूला कानडीतल्यासारखं ‘अत्ते’ म्हणतो. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली, लेक पुण्यात नोकरी करते. अत्तेंचे कान ऐंशीच्या पुढेही तिखट, आणि जीभ तर विचारूच नका. दारावर कोण आलं, फोन कुणाचा, गॅसवाला काय म्हणतो, हे सगळं खातं त्यांचं. मला बोलवायचं झालं तर त्यांच्या पलंगापाशी एक बटण आहे, त्यानं स्वयंपाकघरातला दिवा लागतो-विझतो. एकदा लुकलुकला तर “ये गं.” धडाधड लुकलुकला तर “झोपलीस की काय तिकडे!”

मागच्या सुट्टीत लेक आली तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये आपत्कालीन सेवेचा नंबर भरून दिला. “आई, इथे नुसता मेसेज केला तरी चालतो. बोलायची गरजच नाही.” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी जन्मभर सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, बोटं अजून शिवशिवतात. पण अत्तेंनी नाक मुरडलं. “मी घरात असताना मेसेज कशाला? दोन शब्दांत गाडी दारात उभी करीन.” मी म्हटलं, करा बाई करा. आणि गुपचूप रोज एक मेसेज टाइप करून खोडायचा सराव चालू ठेवला. कधी घराला आग लावली, कधी चोर आणले. एकदा तर वाघही आणला.

मग दसरा आला. आमची गल्ली नजरबादेत, राजवाड्यापासून फार लांब नाही. बाहेरगावची माणसं दसऱ्याला हौसेनं येतात, आणि आम्हाला दूध आणायलाही वळसा पडतो. विजयादशमीला अख्खी गल्ली मिरवणूक बघायला गेली. “पुष्कळ बघितली, आता टीव्हीवर बघीन,” म्हणून अत्ते घरीच राहिल्या. त्याआधी गच्चीवरच्या दिव्यांच्या माळांवरून त्यांनी माझा जीव खाल्ला होता. ही हिरवी नको, ती पिवळी वर घे. आमचे पणजे कापडं रंगवायचे, म्हणून रंगांतलं फक्त यांनाच कळतं!

तिन्हीसांजा झाल्या होत्या. मी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, लाटत होते, तेवढ्यात दिवा लुकलुकला. एकदा लागला, विझला. मग पुन्हा लागला आणि तसाच राहिला. असं कधी होत नाही. मी लाटणं टाकून धावले.

अत्ते पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. त्यांना दमा आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. तोंडाचा पंप दिला, पुन्हा दिला. काही नाही. ओठ हलत होते, पण त्यांवर वाचण्यासारखा शब्दच नव्हता. नुसती हवेसाठी उघडझाप. आणि ओठांचा रंग बदलायला लागला होता.

बाहेर धावले. शेजारी कुलूप, समोर कुलूप. लेकीला कळवावं तर ती पुण्याहून इथल्या ॲम्ब्युलन्सला फोन लावणार, मग ते तिला पत्ता विचारणार. छे! मी फोन काढला आणि टाइप केलं. कानडीत केलं, इथे मराठीत सांगते: “सासूला दम्याचा जोराचा झटका. बोलता येत नाही. ओठ निळे. ॲम्ब्युलन्स पाठवा.” आणि गल्लीचं नाव. पिठाच्या बोटांनी पाठवलं आणि छातीत असं धडधडायला लागलं की ती धडधड मला दातांत जाणवली.

आणि काय झालं असेल? फोन थरथरला. त्यांनी उलट फोन केला!

अय्यो देवा! मी फोनकडे बघतेय, फोन माझ्याकडे. शेवटी हिरवं बटण दाबून तो अत्तेंच्या तोंडाशी धरला. आयुष्यभर या घराचे सगळे फोन ज्यांनी घेतले त्यांनी मान पुढे केली, तोंड उघडलं, आणि काही म्हणता काही बाहेर आलं नाही. त्यांचे डोळे मोठे झाले. त्या घाबरल्या होत्या. अत्तेंना घाबरलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं.

मी फोन ओढून घेतला, बंद केला आणि टाइप केलं: “मी बहिरी आहे. फोन नको. मेसेज करा.” उत्तर लगेच आलं: “कळलं. गाडी निघाली. घराची खूण सांगा.”

घराची खूण! आमच्या गल्लीत घरांचे जुने नंबर वेगळे, नवे वेगळे, पोस्टमनसुद्धा वैतागतो. माझ्या डोक्यात आमची रोजची रीत बसलेली. मी लिहिलं: “दिवा लागतो-विझतो ते घर.” आणि एका हातानं अत्तेंची पाठ धरून दुसऱ्या हातानं पुढच्या खोलीतला दिवा लावत-विझवत राहिले. काय हुशार मी! स्वतःची पाठ थोपटायचीच बाकी होती.

जरा वेळानं खिडकीतून पाहिलं, तर गल्लीच्या तोंडाशी ॲम्ब्युलन्सचा दिवा फिरत होता. गाडी हळूहळू आत आली, थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली. मी हात हलवले. गाडी वळून मागच्या गल्लीत शिरली आणि दिसेनाशी झाली. मी फाटकाशी धावले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दसरा! अख्खी गल्ली लुकलुकत होती. हिरवी घरं, तांबडी घरं, गच्च्या, फाटकं, कुणाचं तुळशीवृंदावनसुद्धा. दिवा लागतो-विझतो ते घर म्हणे! शतमूर्ख!

फोनवर मेसेज: “ड्रायव्हरला घर सापडत नाही. सगळीकडे दिवे आहेत.”

आणि मला ते सुचलं. एकदमच सुचलं. मी लिहिलं: “एकच घर काळोखात असेल. ते आमचं.”

आत येऊन ओरडले, “अत्ते, मी मेन स्विच बंद करते, गाडीला घर दिसायला पाहिजे!” त्यांनी मान हलवली. नाही! श्वास नाही, शब्द नाही, पण ओठांवर स्पष्ट वाचलं: “बेड, बेड.” नको, नको. विजयादशमीला घरात काळोख करायचा म्हणजे अवलक्षण. मी म्हटलं, “शकुन-अपशकुन उद्या बघू, तुम्ही आधी उद्या बघा!” आणि व्हरांड्यात जाऊन स्विच खाली ओढला.

काळोख म्हणजे माझ्यासाठी काय, ते तुम्हाला सांगायला हवं. ओठ दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. समोरचा माणूस आहे की नाही तेही कळत नाही. फोनचा टॉर्च लावावा तर घर काळोखात राहिलं कुठे? मी चाचपडत पलंगाशी गेले, अत्तेंच्या मागे बसले, त्यांना माझ्या छातीला टेकवलं आणि तळवा त्यांच्या पाठीवर दाबून धरला. पाठ खरखरत होती. चांगलं, खरखरू दे. मग थांबली. मी थांबले. पुन्हा खरखरली. मी सारखी म्हणत होते, “घ्या, घ्या, आणखी एक घ्या.” मोठ्यानं म्हणत होते की हळू, देव जाणे. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि मला ते रुतणं हवं होतं.

एकदा खरखर थांबली ती लवकर येईचना. मी त्यांना हलवलं. “अत्ते, मला एकटीला टाकून जायचं नाही, सांगून ठेवते!” रागानंच म्हटलं मी. खरंच राग आला होता. आणि पाठ हलली.

तेवढ्यात भिंतीवर उजेड आला. तांबडा, निळा, तांबडा. गाडीचा!

मी अशी ओरडले की म्हणे मागच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला, हे मला नंतर ड्रायव्हरनं लिहून दाखवलं. दोन माणसं आत शिरली, मी मेन स्विच वर केला, लख्ख उजेड झाला. अत्ते बसल्या होत्या. डोळे उघडे होते. त्यातला एक जण मास्कच्या आडून माझ्याशी बोलायला लागला. मी दरडावलं, “तोंडावरचं काढा, नाहीतर लिहा!” बिचाऱ्यानं मुकाट्यानं फोन काढला आणि लिहिलं: वय? गोळ्या कुठल्या? कधीपासून? मी धडाधड उत्तरं टाइप केली. त्यांनी अत्तेंना ऑक्सिजन लावला, सुई दिली. गाडीत बसेपर्यंत ओठांवर रंग फिरायला लागला होता. मला नाचावंसं वाटत होतं. पिठानं माखलेली साडी, पायात दोन वेगळ्या चपला, आणि मी त्या गाडीत बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण तीन-चार दिवस ठेवू. अत्ते उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी, कपाळाला आठ्या. पहिल्यांदा काळोखाबद्दल मला यथासांग झापलं. मग माझ्या पदराला धरून जवळ ओढलं, मला ओठ नीट दिसावेत म्हणून.

“मला ते मेसेजचं शिकव.”

मी म्हटलं, “तुम्हाला कशाला? तुमचे कान ठणठणीत, दोन शब्दांत गाडी आणता तुम्ही.”

“दोन शब्द कुठे होते काल माझ्याकडे?” त्या म्हणाल्या. “एकसुद्धा नव्हता. तू मंडी मोहल्ल्यात भाजीला गेली असतीस, तर मी काय केलं असतं?”

मी त्यांच्या साध्या फोनवर शिकवायला बसले. त्या एका बोटानं बटणं दाबायच्या, अक्षर चुकलं की शिव्या फोनला. शेजारच्या खाटेवरच्या बाई हसून हसून बेजार. दुपारी त्यांना सराव करायला सांगून मी कपडे आणायला घरी आले.

घर तसंच पडलं होतं. वाळलेलं पीठ, अर्धवट लाटलेली होळिगे, विस्कटलेला पलंग. मी पिशवी भरत होते आणि फोन थरथरला. अत्तेंचा नंबर. काही झालं असणार, नर्सनं त्यांच्या फोनवरून कळवलं असणार. फोन उघडायलाच धीर होईना. कसाबसा उघडला.

“श्वास येतोय. तू जेवून घे.”

मी तिथेच जमिनीवर बसले आणि तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग उठून गॅस पेटवला.