फळ्यावरचे तीन कार्यक्रम

सोमवारी सकाळी दहा वाजता सेनगावातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालांनी दारातल्या फळ्यावर प्रौढांसाठीचे तीन आगामी कार्यक्रम लिहिले. आज पाच वाजता भारूड, शुक्रवारी कथाकथन, रविवारी तांड्यावरच्या बायकांची गाणी. मी तिथे रोज पेपर वाचायला जातो. ओळ लिहून झाली की ग्रंथपाल दोन पावलं मागे सरतात आणि जवळ असेल त्याला विचारतात, "बराबर?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाहीत.

साडेदहाला वाचनालयाचे सचिव आले. बारा वाजता अनुदानाची तपासणी होती आणि वर्षभरात एकही कार्यक्रम झालेला नव्हता.

"फळा पुसा. हे तिन्ही मागच्या महिन्यात झाले म्हणून रजिस्टरात लिहा."

"झाले न्हाईत ना, भाऊ. व्हायचे हायेत."

"अनुदान गेलं तर तुमचा पगार काय मी देऊ?"

"ते बी बराबर हाय," ग्रंथपाल म्हणाले आणि खडू खिशात ठेवला. फळा त्यांनी पुसला नाही.

तपासणी अधिकारी आले, तसे फळ्यापुढेच थांबले. "हे पुढचे झाले. मागचे कुठे आहेत?"

सचिव मोबाइलमध्ये पाहत राहिले.

"मागं एकबी झाला न्हाई, साहेब," ग्रंथपाल म्हणाले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

एक वाजता सचिवांनी ग्रंथपालांकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. सतरंज्या त्याच कपाटात होत्या. पाच वाजता ग्रंथपालांनी घरून दोन चादरी आणून वाचनालयाच्या ओट्यावर अंथरल्या. भारुडाला चौदा माणसं आली.