बिननाड्यांची पाच झबली

आमच्या घरी पाण्याच्या फिल्टरले सदरा आहे. खोटं वाटत असेल तं मारेगावले येऊन पाहा. मिक्सरले झालरीचा फ्रॉक, रिमोटले चेनवाली थैली, अन् गॅसच्या सिलिंडरले तं चक्क कॉलर. एका महिन्यात या माणसानं घरातल्या साऱ्या मुक्या वस्तूंले कपडे शिवले. ज्याच्यासाठी शिवायचे होते त्याच्यासाठी मात्र कात्री हातात घ्यायले तयार नाही. माहं डोकं फिरणार नाही तं काय होईल?

हा माणूस म्हणजे आमचे हे, श्रावण टेलर. चाळीस वर्षं मशीन चालवली. बाजार लाइनीत दुकान होतं, रेडिमेडनं ते बसवलं, मंग मशीन घरच्या ओसरीत आली. गिऱ्हाईक कमी झालं, पण हात काही थांबले नाहीत. दरसाल धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी साऱ्या घराचे पांढरे कपडे तेच शिवतात. पोरगा अश्वजित पुण्याले कंपनीत, लेक उर्वशी राजूरले सासरी, तिथंच खाणीत कामाले असलेला जावई संघदीप, माह्या बहिणी, त्यांचे पोट्टे, कोणी सुटत नाही. अंगाले टेप लावत नाहीत. माणूस दारातून आत येताना एकदा पाहायचा, की माप झालं. दुकानातून आणून दिलेल्या वस्तूले ते देणं म्हणतच नाहीत. म्हणतात, त्यात आपलं काय गेलं?

स्वभाव म्हणाल तं एका जागी बूड टेकणार नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठतील. अन् अंधश्रद्धेचा असा राग की विचारू नका. अमावास्येले मुद्दाम नवं कापड कापत. दुकानाले लिंबू-मिरची बांधायले कोणी आलं की त्याले पार चौकापर्यंत हाकलत. विहारात वंदना झाली की हटकून उभे राहत अन् लोकाइले सांगत, डोकं वापरा. उर्वशी आठ वर्षांची असताना ग्रहण लागलं. गल्लीत कोणी चूल पेटवून नाही राह्यलं, अन् यांनी पोरीले दारात पाट मांडून कांदे कापायले बसवलं. शेजारच्या वच्छलाबाईले नीट दिसावं म्हणून पाटही तिच्या दाराकडं तोंड करून मांडला.

तीच पोरगी यंदा पह्यल्या बाळंतपणाले घरी आली. सातवा महिना होता. येताना वणीहून पांढरी मलमल घेऊन आली अन् यांच्या मांडीवर ठेवली. म्हणे, बाबा, पाच झबली शिवा, मागून नाड्यांची.

आता यात एक भानगड होती. आमच्याकडं लेकरू हातात आल्याबिगर त्याचा कपडा शिवत नाहीत. जन्मलं की पह्यले जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, नवं त्याच्यानंतर. उर्वशीची सासू मानीबाई हे फार मानते. बाई चांगली आहे, पण मानते. तं उर्वशीनं तिच्याशी वाद घातलता, खाणीच्या क्वार्टरातल्या पाच बायांसमोर. सांगून आली, माहे बाबा असलं काही पाळत नाहीत, माह्या लेकराच्या अंगाले पह्यला कपडा बाबाच्या हातचाच लागेल, अन् तो आधीच शिवून तयार असेल. शब्दच देऊन आली म्हणा ना.

यांनी मलमल हातात घेतली, दोन बोटांत चोळून पाह्यली. मले वाटलं आता उठतात अन् मशीनवर बसतात. तं म्हणाले, उद्या बसतो.

उद्या मशीनले तेल घालायचं निघालं. परवा पट्टा ढिला झाला. मंग दोरा बरोबर नाही, मंग ओसरीत उजेड नाही, मंग कंबर. कंबर दुखते म्हणणारा माणूस दिवसातून तीन वेळा बस स्टँडवर चालत जाये. तिथं कोण येणार होतं? कोणी नाही. नुसत्या गाड्या पाहायच्या अन् परत यायचं. घरी आले की हाताले काही तरी पाहिजेच, म्हणून मंग फिल्टरचा सदरा, मिक्सरचा फ्रॉक. मलमल आपली खुंटीवर, थैलीतच. मी ओरडली की म्हणत, करतो ना, तू काहून मागं लागून राह्यली?

आठवा महिना लागला, तवा उर्वशीनंच विचारलं. पोरगी शांत आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज चिरला. "बाबा, ग्रहणात मले कांदे कापायले लावणारे तुम्हीच ना? का ते फक्त लोकाइले दाखवायले होतं?"

यांनी चपला घातल्या अन् स्टँडवर गेले.

पोरीले माहीत नव्हतं. म्हणजे अश्वजितच्या आधी एक भाऊ होऊन गेला, एवढं माहीत होतं. बाकी आम्ही कधी बोललोच नाही. आता मीच सांगते.

लग्नाले दीड वर्ष झालतं. हे सव्वीस वर्षांचे, दुकान नवं, अंगात मस्ती. माही सासू तुळसाबाई हात जोडून म्हणे, बाबू, लेकराचा कपडा आधी शिवू नको. यांनी ऐकलं नाही. पिवळ्या मलमलीचं झबलं शिवलं, गळ्याले पांढरी पट्टी, मागं तीन नाड्या. साऱ्या गल्लीले दाखवून आणलं. लेकरू आलं, ते रडलंच नाही. नाळ मानेभोवती आवळली होती. सुईणीचा दोष नाही, कोणाचाच नाही. नेताना सासू म्हणे, उघडं कसं न्यावं. मंग तेच झबलं त्याले घातलं. नाड्या यांनी बांधल्या. मी बाजेवर पडून पाहून राह्यली होती. हात असे कापत होते की सुरगाठ काही बसेना, शेवटी निरगाठ मारली. त्याच्यानंतर सासू एकच वाक्य बोलली, तुले सांगतलं होतं ना. सासूले जाऊन बारा वर्षं झाली, पण ते वाक्य आमच्या घरातून गेलं नाही.

पुढं अश्वजित झाला, उर्वशी झाली. दोघांलेही पह्यले सासूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मी विचारलं नाही, यांनी सांगतलं नाही. भाषणं मात्र त्याच्यानंतरच वाढली. अमावास्या, ग्रहण, लिंबू-मिरची, सारं त्याच्यानंतरचं. मले कळत होतं. माणूस घाबरला की मोठ्यानं बोलते, हे काय शिकवावं लागते?

पण पोरीचा आवाज चिरला तो मले सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशी आत झोपली होती. हे ओसरीत मच्छर मारायच्या बॅटीले खोळ शिवून राह्यलते. मी जाऊन मशीनचा पट्टाच काढला अन् पदरात बांधला. म्हटलं, आता शिवून दाखवा खोळ.

"बत्तीस वर्षं मी वाट पाहून राह्यली, तुम्ही एकदा तरी त्याची गोष्ट काढाल म्हणून. माह्याही पोटचा होता तो. एकट्या तुमचा नव्हता. आता एक तं पोरीले खरं सांगा, नाही तं शिवा."

त्यांनी बॅट बाजूले ठेवली. मंग म्हणाले, "नाळ होती, मले माहीत आहे. पुस्तकात वाचलं, लोकाइले मीच सांगतो. डोक्याले सारं समजते, साधना. हाताले नाही समजत."

मी रडली. तेही रडले. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा दोघं मिळून रडलो, अन् खरं सांगते, मले बरं वाटलं. मंग पदराची गाठ सोडली अन् पट्टा देऊन टाकला.

सकाळी चहा न पिता मशीनवर बसले. दुपारच्या आत पाच झबली. काय हात आहे, माय! शिलाई अशी की आतली बाजू कोणती अन् बाहेरची कोणती, ओळखू येऊ नाही. लेकराच्या अंगाले टोचू नाही म्हणून एकेक कड दुमडून पुन्हा हातानं तुरपाई केली. मी एक उचलून पाह्यलं, तं मागं नाड्याच नाहीत. नाड्या वेगळ्या शिवून, घडी करून गळ्यात ठेवलेल्या, लावलेल्या नाहीत.

मी विचारलं तं हळूच म्हणाले, नाड्या लेकरू रडल्यावर लावीन. तवापर्यंत हे झबलं नव्हे, कापड आहे.

म्हणजे शिवलंही अन् नाहीही. वा रे टेलर. पण बत्तीस वर्षांनी माणूस एवढा हलला हेच पुष्कळ. पाचही झबली यांनीच धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरली, पिशवीचं तोंड स्वतः बांधलं अन् पोरीले सांगतलं, झाली तुही झबली, आता दवाखान्यातच उघडू. पांढऱ्या दोऱ्याची रीळ अन् सुई मात्र सदऱ्याच्या खिशात. दिवसातून दहा वेळा खिसा चाचपत. स्टँडवर जातानाही ती रीळ सोबत. उर्वशी त्याच्यानंतर एक शब्द बोलली नाही, मले वाटलं समाधान झालं.

नववा महिना भरत आला तसे हे आणखीच सैरभैर झाले. मी भाजी निवडत बसली तं ते माह्याभोवती फिरत. उर्वशीनं कूस बदलली की ओसरीतून विचारत, काय झालं? शेवटी एका सकाळी दहाच्या सुमारास खरंच कळा सुरू झाल्या. ऑटोनं वणी गाठली. संघदीप खाणीतून परस्पर आला. मानीबाई आली ती जुन्या लुगड्याचा तुकडा धुऊन, घडी करून, छातीशी धरूनच.

पोरीले आत नेलं. बाहेर बाकडं होतं, पण आमचे हे बसतील तं शप्पथ. उभ्यानं सुईत दोरा ओवला. जरा वेळानं तो निसटला, पुन्हा ओवला. जाणारे-येणारे पाहून राह्यले. दोन तास हा माणूस दवाखान्यात सुई-दोरा घेऊन येरझारा घालत होता. मी म्हटलं, कोणाले टोचाल. त्यांच्या कानात काही शिरून नाही राह्यलं.

अन् मंग आतून रडणं आलं. असं खणखणीत की मानीबाईनं माहा हात धरला. नर्स बाहेर आली, म्हणे, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत, कपडा द्या.

मानीबाईनं लुगडं पुढं केलं. यांनी हात आडवा केला. "दोन मिनिटं, बाई. फक्त दोन मिनिटं द्या मले."

पिशवी सोडली. वरचं झबलं काढलं, सुई धरली, अन् तसेच थांबले.

नाड्या लावलेल्या होत्या. लाल दोऱ्यानं. टाका एक लांब, एक आखूड, वाकडातिकडा, मुंग्यांची रांग जावी तसा. दुसरं काढलं, तिसरं काढलं. पाचही झबल्यांले तीन-तीन नाड्या, साऱ्या लाल. त्यांनी माह्याकडं पाह्यलं. मी मान हलवली, मले काही माहीत नव्हतं. पण तो टाका आम्ही दोघांनीही ओळखला. शिवणाच्या तासाले रुमाल शिवताना तो स्वतःच्या स्कर्टालेच शिवून घरी आलेली पोरगी एकच होती आमच्या घरात.

तेवढ्यात नर्स लेकरू घेऊनच आली. आत दुसरी बाई अडली होती, नर्सले घाई. म्हणे, आजोबा, घाला लवकर, तुम्हीच बांधा नाड्या.

बाकड्यावर माही शाल पसरून लेकरू ठेवलं. लालबुंद, मुठी आवळलेल्या, गळा काढून रडणारी. यांनी झबल्यात एक हात घातला, दुसरा घातला. नाड्या हातात घेतल्या, अन् बोटं कापायले लागली. पह्यली गाठ सुटली. दुसऱ्यांदाही सुटली. मी गाठीवर माहं बोट ठेवलं, दाबून धरलं. त्यांनी माह्या बोटावरून फास काढला अन् ओढला. सुरगाठ बसली. मंग दुसरी, मंग तिसरी. संघदीप म्हणे, बाबा, किती रडून राह्यली ती, घेऊ का?

"रडू दे," ते म्हणाले. "रडू दे तिले."

उर्वशीले खाटेवर आणल्यावर आम्ही आत गेलो. हे तिच्या उशाशी उभे राह्यले अन् पह्यलं काय विचारावं? लाल दोरा कायले वापरला म्हणून. पोरगी थकली होती, तरी हसली.

"पांढरी रीळ तुमच्या खिशात होती ना, बाबा. पिशवी सोडून पाह्यली तं नाड्या सुट्याच. मंग तुम्ही स्टँडवर गेले की मी रोज एक झबलं करत जाये." मंग जरा थांबून म्हणाली, "आईनं पट्टा काढला त्या दुपारी मी जागीच होती. मले वाटलं, तुमच्या हाताले नाही जमत तं माह्या हातानं करावं."

यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तो हात कापत नव्हता.

तेवढ्यात नातीनं झबलं ओलं केलं. मानीबाई उठली, पण यांनी आधीच वाकून तीनही गाठी एकेक ओढून सोडल्या. सुरगाठच ती, बोट लागताच सुटली. दुसरं झबलं घातलं, पुन्हा तीन बांधल्या. दिवस मावळेपर्यंत पाचही झबली ओली झाली अन् खिडकीच्या गजावर वाळत पडली. पंधरा गाठी बांधल्या, पंधरा सोडल्या, पह्यल्या झबल्यावरचं माहं बोट सोडलं तं कोणाले हात लावू दिला नाही.

सहाव्या वेळी मात्र मानीबाईचं जुनं लुगडंच कामी आलं. तिनं लेकराले छान गुंडाळलं. यांनी लगेच खिशातून रीळ काढली, म्हणे, त्यालेही नाडी लावून देतो. मी रीळ हातातून घेतली अन् म्हटलं, झालं आता, बसा.

अन् बसले.