शैलजाची काच

छावणी भागातल्या घरातून लॅबला निघतच होते, तेवढ्यात शैलजाच्या भावाचा फुलंब्रीहून फोन आला. "ताई, आक्का गेली..." एवढंच. शैलजाला तो आक्का म्हणायचा.

शैलजा आणि मी एकाच लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, ठराविक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी लावायची आणि ती चिकटली तिथं तपकिरी रंग उमटतो का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे आमचं काम. जुन्या पद्धतीत हा रंग बायोटिन या जीवनसत्त्वाच्या आधारानं यायचा. यकृतात बायोटिन मुळातच असतं, त्यामुळं तिथं नसलेलंही दिसायचं. पॉलिमरच्या पद्धतीत रंग आणणाऱ्या रेणूंची साखळीच अँटिबॉडीला जोडलेली असते, बायोटिन लागतच नाही. ती पद्धत आणायला शैलजा वरिष्ठांशी भांडली होती. "खोट्या रंगावर माणसाला औषध द्यायचं व्हय?" असं तिनं भर बैठकीत विचारलं होतं.

मग तिच्याच यकृतात गाठी निघाल्या. कर्करोग पसरला होता. एकच औषध उरलं होतं, आणि तेही तिच्या गाठीच्या काचेवर रंग आला, म्हणजे ते प्रथिन असलं, तरच चालणार होतं. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला: रंग आहे. त्या दिवशी तिनं कितीतरी आठवड्यांनी भाकरी मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनंच विचारलं, "त्यांनी कोणत्या पद्धतीनं केलं गं?" जुन्याच. मी म्हणाले, "राहू दे ना शैला, औषध सुरू कर." तिनं रिपोर्ट माझ्याकडं सरकवला. "नाय. पॉलिमरवर लाव."

लावलं. त्याच काचेवर खात्रीसाठी ठेवलेल्या, रंग यायलाच हवा अशा दुसऱ्या तुकड्यावर रंग गडद आला, म्हणजे चाचणी बरोबर होती. शैलजाच्या पेशी निळ्या, म्हणजे अँटिबॉडी चिकटलीच नव्हती. नुसत्या निळ्या. मी नवा काप घेतला, अँटिबॉडीची नवी बाटली फोडली, आणि काचेच्या कडेपर्यंत एखादा तपकिरी ठिपका शोधत राहिले. शैलजा मागं येऊन उभी राहिली. "सरक," म्हणाली. बघितलं. मग अगदी हळू, "अजून एकदा लाव ना गं..." मी लावलं. निळंच.

शेवटचे दिवस ती फुलंब्रीला आईजवळ होती. मी भेटायला गेले तेव्हा माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "मला लई जगायचं होतं."

तिच्या मायक्रोस्कोपवर अधूनमधून जाऊन बसते. त्याची डोळे लावायची दोन भिंगं अजून तिच्या डोळ्यांच्या अंतरावर आहेत. मला त्यातून एक चित्र दिसत नाही, दोन वेगळी वर्तुळं दिसतात. बोटानं जरा सरकवली की जुळतील... मी सरकवत नाही. काच उचलते आणि दुसऱ्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपकडं जाते.